विश्लेषण : पक्ष्याच्या पिल्लाला ‘आई’ कोण हे कसे कळते? हंसांची ‘आई’ झालेल्या कॉनरॅड लॉरेन्झ यांची गोष्ट

उन्हाळा आणि पावसाळ्याच्या तोंडावर घराजवळच्या झाडाखाली पक्ष्याचे पिल्लू पडलेले दिसणे ही नेहमीची बाब. कुणीतरी ते उचलून घरी आणते, बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवते आणि ड्रॉपरने दूध पाजते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो, त्यावर हृदयाच्या इमोजींचा पाऊस पडतो. पुढे बरीचशी पिल्ले दगावतात. जी जगतात, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. माणसाच्या हातून घास खाऊन मोठे झालेले पिल्लू स्वतःला नेमके कोण समजते? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा शास्त्रज्ञ म्हणजे ऑस्ट्रियाचे कॉनरॅड लॉरेन्झ. त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले. हंसाच्या पिल्लांच्या रांगेपुढे चालणारा पांढऱ्या दाढीचा माणूस ही त्यांची छायाचित्रे आजही शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत दिसतात. मात्र त्यांच्या आयुष्यात असाही एक काळ होता, ज्याचा हिशेब मृत्यूनंतरही चुकता झालेला नाही.

कोण होते कॉनरॅड लॉरेन्झ?

लॉरेन्झ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील अ‍ॅडॉल्फ लॉरेन्झ हे नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ होते. जन्मतः निखळलेला खुबा शस्त्रक्रियेशिवाय बसवण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे अमेरिकेतूनही त्यांना बोलावणे येई. या मिळकतीतून त्यांनी डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावात मोठे घर बांधले. घराभोवती बाग, पलीकडे नदीच्या पुराने तयार झालेली पाणथळ जागा आणि झाडी. कॉनरॅड यांचे बालपण या परिसरात गेले आणि पुढचे बरेचसे संशोधनही इथेच झाले.

लहानपणी त्यांना सेल्मा लागरलॉफ या स्वीडिश लेखिकेची, हंसांच्या थव्यासोबत प्रवास करणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्यानंतर या मुलाला हंस व्हायचे होते. ते शक्य नाही हे कळल्यावर निदान एक हंस पाळायचा होता. हंस मिळाला नाही, पण शेजाऱ्यांकडून एक दिवसाचे बदकाचे पिल्लू मिळाले. शेजारची मैत्रीण मार्गारेट, म्हणजे ग्रेटल, हिलाही तसेच पिल्लू मिळाले. कॉनरॅडचे पिल्लू दिवसभर त्याच्या पायात घोटाळू लागले. ते आपल्या मागे का येते, हे त्या मुलाला तेव्हा माहीत नव्हते. याच ग्रेटलशी त्यांनी १९२७ मध्ये लग्न केले आणि ती पुढे डॉक्टर म्हणून काम करू लागली.

डॉक्टरकी सोडून पक्ष्यांकडे कसे वळले?

मुलाने डॉक्टर व्हावे, हा वडिलांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्यांनी कॉनरॅड यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. पण तिथे ते फार काळ रमले नाहीत. परत येऊन त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून १९२८ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि १९३३ मध्ये प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेतील काम वाया गेले नाही. वेगवेगळ्या प्राण्यांच्या हाडांची तुलना करून त्यांचे नाते शोधता येते, तर तशीच तुलना त्यांच्या वागण्याची का करू नये, असा प्रश्न त्यांना तिथेच पडला.

याच काळात पक्षी विकणाऱ्या एका दुकानात त्यांना जॅकडॉचे पिल्लू दिसले. जॅकडॉ हा कावळ्याच्याच कुळातला, पण आपल्या कावळ्यापेक्षा लहान, राखाडी मानेचा पक्षी. पिल्लाने चोच उघडून लालबुंद जबडा दाखवला आणि त्यात पोटभर घास भरवावा, एवढ्या एकाच ऊर्मीने लॉरेन्झ यांनी ते विकत घेतले. प्रयोगाचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. त्याच्या ओरडण्यावरून त्यांनी त्याचे नाव ‘चॉक’ ठेवले.

चॉक मोठा झाला आणि लॉरेन्झ चक्रावले. त्याच्या लेखी आई म्हणजे माणूस. उडायला मात्र सोबती म्हणून त्याने रानातले कावळे निवडले. जॅकडॉचे एक छोटे पिल्लू घरात आणल्यावर चॉकने त्याला आपले मूल मानून घास भरवायला सुरुवात केली. म्हणजे आई, सोबती आणि मूल यांची ‘ओळख’ एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी तयार होत नाही; तिचे कप्पे वेगवेगळे असतात. चॉकच्या नोंदींवर लिहिलेला लॉरेन्झ यांचा पहिला शोधनिबंध १९२७ मध्ये पक्षिशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात आला.

मग त्यांनी आल्टेनबर्गच्या घराच्या माळ्यावर जॅकडॉंची वसाहतच वसवली. हाताने वाढवलेला एक नर वयात आल्यावर लॉरेन्झ यांच्याच प्रेमात पडला. जॅकडॉचा नर मादीला घास भरवून आपले प्रेम दाखवतो. त्यामुळे तो चोचीत अळ्यांचा लगदा करून आणी आणि लॉरेन्झ यांच्या तोंडात घालू पाही. त्यांनी तोंड मिटले, की तो घास त्यांच्या कानात जाई. किस्सा गमतीचा वाटतो, पण त्या पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर तो शोकांतच आहे. त्याला स्वतःच्या जातीची जोडीदार मिळणे आता कठीण होते.

याचे श्रेय एकट्या लॉरेन्झ यांचे का?

नाही. स्कॉटलंडच्या डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्येच लिहिले होते, की अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली कोंबडीची पिल्ले समोर हलणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या मागे जातात. त्यांनी पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवून हे तपासले होते. जर्मनीत ऑस्कर हाइनरोथ यांनी १९११ मध्ये हंसाच्या पिल्लांबाबत हीच नोंद केली. ऑस्कर आणि त्यांच्या पत्नी मॅग्डालेना यांनी बर्लिनच्या आपल्या घरात मध्य युरोपातील शेकडो पक्षी अंड्यापासून किंवा पिल्लापासून वाढवले, त्यांची रोज छायाचित्रे काढली आणि वजने नोंदवली. पिलांना भरवण्याचे काम घड्याळाच्या काट्यावर चालते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काही पिल्लांना थोड्या थोड्या वेळाने घास लागतो. मॅग्डालेना यांनी ही मेहनत वर्षानुवर्षे केली. नाव मात्र पतीचे जास्त झाले. लॉरेन्झ हाइनरोथ यांना गुरू मानत.

मार्टिनाची ती पहिली रात्र...

लॉरेन्झ यांना जगप्रसिद्ध केले ते ग्रेलॅग जातीच्या करड्या रानटी हंसांनी. १९३०च्या दशकात त्यांनी या हंसाची अंडी उबवायला ठेवली. पहिले पिल्लू बाहेर आले तेव्हा ते समोरच बसलेले होते. पिल्लाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. ते हलले, काहीतरी बोलले आणि पिल्लाने हंसांच्या पद्धतीने मान पुढे काढून त्यांना अभिवादन केले. लॉरेन्झ यांची योजना वेगळी होती. पिल्लू पाळीव हंसिणीच्या पंखाखाली द्यायचे आणि आपण मोकळे व्हायचे. त्यांनी तसे केलेही. पण पिल्लू पंखाखालून निघाले आणि रडत, धडपडत त्यांच्याकडे धावत आले. जेमतेम उभे राहता येत नसताना ते पळत होते. तो मुकाबला हंसिणीने हरला. पिल्लाचे नाव ठेवले गेले मार्टिना.

त्या रात्री मार्टिना त्यांच्या बिछान्याजवळ झोपली. तासातासाला ती बारीक आवाजात हाक मारी. आई जवळ आहे का, एवढाच त्या हाकेचा अर्थ. उत्तर मिळाले की ती झोपे. नाही मिळाले की आकांत. लॉरेन्झ यांनी तिच्याच आवाजात उत्तर द्यायला शिकून घेतले. बागेत फिरताना, नदीत पोहताना, लिहिताना मार्टिना सोबत असे.

रानबदकांच्या पिल्लांबाबत मात्र वेगळाच अनुभव आला. ती नुसत्या माणसाला आई मानेनात. सतत आवाज काढला आणि उंची कमी ठेवली, तरच मागे येत. म्हणून हा डॉक्टर सुट्टीच्या दिवशी बागेत उकिडवा बसून, ‘क्वॅक क्वॅक’ करत सरकत असे. कुंपणापलीकडचे लोक अवाक होऊन पाहत, कारण गवत उंच असल्यामुळे मागची पिल्ले त्यांना दिसत नसत. घरात पक्षी-प्राणी एवढे मोकळे फिरत, की त्यांच्यापासून सांभाळण्यासाठी लॉरेन्झ दाम्पत्याने आपल्या लहान मुलीलाच पिंजऱ्यात ठेवण्याची शक्कल काढली होती.

‘इंप्रिंटिंग’ म्हणजे नेमके काय?

लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये पक्ष्यांच्या सोबत्यांविषयीचा मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि या प्रक्रियेला जर्मन भाषेत ‘प्रेगुंग’ म्हटले. म्हणजे नाण्यावर छाप उमटवणे. इंग्रजीत त्याचेच ‘इंप्रिंटिंग’ झाले. त्याचे मुद्दे असे :

- आई कशी दिसते, याचे चित्र हंसाच्या पिल्लाच्या डोक्यात जन्मतः नसते. जन्मतः असते ती फक्त सूचना : पहिल्यांदा जे हलेल आणि आवाज देईल, त्याच्या मागे जा.

- हे शिकणे ठरावीक मुदतीतच होते. पुढे एकहार्ड हेस यांनी रानबदकांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत अंड्यातून बाहेर आल्यानंतरचे १३ ते १६ तास सर्वाधिक परिणामकारक आढळले.

- यासाठी खाऊचे बक्षीस लागत नाही. पिल्लू भुकेपोटी मागे येत नाही.

- याचा परिणाम बालपणापुरता राहत नाही. मोठेपणी जोडीदार कुणाला मानायचे, हेही काही जातींत लहानपणीच्या ओळखीवरून ठरते.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे, तर प्रोग्रॅम आधीच लिहिलेला असतो, त्यातली एक जागा मात्र रिकामी असते. ती पहिल्या काही तासांत भरली जाते. लॉरेन्झ यांचे म्हणणे होते, की एकदा भरलेली जागा पुसता येत नाही. पुढच्या संशोधकांनी हे मत सौम्य केले. मुदत थोडी लवचीक असते आणि काही वेळा छाप अंशतः बदलतेही. मूळ निरीक्षण मात्र टिकले.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. हंस, बदक, कोंबडी यांची पिल्ले डोळे उघडून, अंगावर लव घेऊन जन्मतात आणि लगेच चालू लागतात. कावळा, चिमणी, साळुंकी यांची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात आणि घरट्यातच वाढतात. त्यांच्यात ही ओळख सावकाश, भरवणाऱ्याच्या सहवासातून तयार होते.

पक्ष्यांच्या अभ्यासातून वंशवादाकडे कसे गेले?

लॉरेन्झ यांच्या आयुष्याचा सर्वांत काळा अध्याय याच पक्ष्यांपासून सुरू होतो. रानटी आणि पाळीव हंसांची तुलना करताना त्यांना दिसले, की पाळीव हंसांचे जोडी जमवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे वागणे ढिले झालेले असते. हे निरीक्षण होते. त्यावरून त्यांनी उडी मारली ती माणसावर. शहरी, सुखवस्तू माणूसही पाळीव जनावरांसारखा ऱ्हास पावतो, असे त्यांनी मांडले.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि काही महिन्यांतच लॉरेन्झ यांनी नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. १९४० मध्ये त्यांना क्योनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. त्याच वर्षीच्या लेखनात त्यांनी ऱ्हासाच्या या कल्पनेला नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाशी जोडले आणि निकृष्ट ठरवल्या गेलेल्या माणसांना वेगळे काढण्याची भाषा वापरली. १९४२ मध्ये, सैन्यात असताना, व्यापलेल्या पोलंडमधील पोझेन येथे जर्मन-पोलिश मिश्र कुटुंबांतील लोकांच्या मानसशास्त्रीय तपासणीतही त्यांचा सहभाग होता.

याच काळातील दोन माणसे इथे आठवायला हवीत. पहिले बर्नहार्ड हेलमन, लॉरेन्झ यांचे तरुणपणीचे जिवलग मित्र आणि प्राणी पाळण्यातले सोबती. ते ज्यू होते. १९४३ मध्ये सोबिबोरच्या मृत्युछावणीत नाझींनी त्यांची हत्या केली. दुसरे डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन. १९३७ मध्ये ते आल्टेनबर्गला येऊन राहिले होते आणि घरट्याबाहेर गेलेले अंडे हंसीण चोचीने आत कसे ओढते, याचे प्रसिद्ध प्रयोग दोघांनी मिळून केले होते. नाझींनी हॉलंड व्यापल्यावर ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांत टिनबर्गन होते. त्याबद्दल त्यांना ओलिसांच्या छावणीत दोन वर्षे काढावी लागली. एकाच बागेत हंसांचा अभ्यास केलेल्या दोन मित्रांनी निवडलेले रस्ते असे वेगळे होते.

युद्धकैदेतून सोबत काय आणले?

१९४४ मध्ये लॉरेन्झ यांना पूर्व आघाडीवर पाठवण्यात आले आणि त्याच वर्षी रशियन सैन्याने त्यांना पकडले. सुमारे चार वर्षे ते सोव्हिएत छावण्यांत होते. तिथे डॉक्टर म्हणून काम करता करता त्यांनी सिमेंटच्या पोत्यांचे कागद कापून, सपाट करून, पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची शाई करून पुस्तक लिहायला घेतले. १९४८ मध्ये सुटका झाली तेव्हा हे हस्तलिखित आणि छावणीत पाळलेला एक स्टारलिंग, म्हणजे साळुंकीच्या कुळातला पक्षी, घेऊन ते आल्टेनबर्गला पोहोचले.

१९४९ मध्ये आलेल्या ‘किंग सॉलोमन्स रिंग’ या नावाने इंग्रजीत गाजलेल्या पुस्तकाने ते घराघरांत पोहोचले. पुढे जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेने त्यांच्यासाठी संशोधन केंद्र उभारले आणि बव्हेरियातील झेविझन येथे हंसांचे थवे पुन्हा त्यांच्यामागे चालू लागले. १९७३ मध्ये त्यांना टिनबर्गन आणि मधमाश्यांची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल जाहीर झाले, तेव्हा जुन्या लेखनाचा विषय पुन्हा निघाला. ती भाषा वापरल्याचा आपल्याला खेद आहे, अशा आशयाचा खुलासा त्यांनी नोबेलसाठी लिहिलेल्या आत्मकथनात केला. अनेकांना तो अपुरा वाटला. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०१५ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठाने नाझी काळातील भूमिकेमुळे त्यांची मानद डॉक्टरेट मरणोत्तर काढून घेतली.

त्यांच्या संशोधनाचा आज काय उपयोग?

अनाथ पिल्लांना वाढवणाऱ्या केंद्रांचा पहिला नियम याच संशोधनातून आला : पिल्लाला वाचवा, पण त्याची आई होऊ नका. कॅलिफोर्निया काँडॉर हे गिधाड नामशेष होण्याच्या टोकावर होते. १९८७ मध्ये जगात अवघे २७ उरले. तेव्हा प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या पिल्लांना काँडॉरच्या डोक्यासारखी हातबाहुली घालून भरवण्यात आले, जेणेकरून त्यांना माणूस दिसू नये. अमेरिकेतील डांग्या क्रौंचाची पिल्ले वाढवणारे कर्मचारी पांढरा झगा आणि मुखवटा घालत. २००१ पासून अशा पिल्लांना छोट्या विमानामागे उडवून विस्कॉन्सिनहून फ्लोरिडापर्यंत स्थलांतराची वाट शिकवली गेली.

आपल्याकडे हे उदाहरण माळढोकाचे. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या पक्ष्यासाठी राजस्थानच्या जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळावरची अंडी आणून उबवली गेली आणि पिल्ले हाताने वाढवली गेली. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. माणसाला न बुजणारे पक्षी अशा कामात उपयोगी पडतात. पण तेच पक्षी माळावर सोडले तर टिकतीलच असे नाही. म्हणून मोकळे सोडायची पिल्ले माणसापासून जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवावी लागतात.

पिल्लू सापडले तर काय करावे?

अंगावर पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपास असतात. कुत्र्या-मांजराचा धोका असेल तर ते जवळच्या झुडपात किंवा फांदीवर ठेवून लांबून लक्ष ठेवावे. पिसे न आलेले पिल्लू असेल आणि घरटे दिसत असेल, तर परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज चुकीचा आहे. पिल्लू जखमी असेल किंवा आईबाप खरोखरच नसतील, तर भोके पाडलेल्या खोक्यात, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये; ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. राज्याच्या वन विभागाची हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बहुतेक देशी रानपक्षी घरी पाळता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पिल्लाने चोच उघडली की घास भरवावासा वाटणारच. लॉरेन्झ यांनाही तसेच वाटले होते. त्या एका घासाने पिल्लाचे पोट भरते, पण त्याचे पुढचे सगळे आयुष्यही त्यातून ठरू शकते. म्हणून घास भरवण्याआधी एक फोन करणे बरे.